कर्नेल कंपाइल होतं, पण बूटला पॅनिक: दर वर्षीचं तेच ‘अननोन-ब्लॉक (०,०)’

घाईत असाल तर आधी एवढं वाचा. नवीन लिनक्स कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) नीट कंपाइल झालं, इन्स्टॉल झालं, मशीन रीस्टार्ट केलं आणि स्क्रीनवर ‘कर्नेल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’ असं येऊन सगळं थिजलं, तर पुन्हा कंपाइल करायला बसू नका. तुमच्या कोडमध्ये बहुधा काहीच चुकलेलं नाही. जुन्या कर्नेलवर मशीन चालू करा आणि /बूट या फोल्डरात नव्या कर्नेलच्या नावाची इनिटआरडी फाइल (बूट होताना कर्नेलला लागणारे ड्रायव्हर पुरवणारी) आहे का, असली तर केवढी आहे, ते बघा. एक तर ती नसतेच, नाहीतर पाच-सातशे एमबीपर्यंत फुगलेली असते. दोन्हीचं मूळ एकच आणि दुरुस्ती फार तर अर्ध्या तासाची.

माझं खानापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बेळगावला इंजिनिअरिंगला जाणारी इकडची पोरं, म्हणजे नंदगड, लोंढा, जांबोटीकडची, ऑपरेटिंग सिस्टमच्या प्रोजेक्टला ‘स्वतःचा सिस्टम कॉल’ (प्रोग्रॅमने कर्नेलकडून करून घ्यायचं काम) हा विषय घेतात. विषय ऐकायला भारी वाटतो आणि कोड चार ओळींचा असतो. त्या चार ओळींसाठी अख्खं कर्नेल कंपाइल करावं लागतं हे विषय मंजूर झाल्यावर कळतं. मग मला फोन यायला लागतात. (एकदा दुकानात मी फोनवर ‘कर्नेल पॅनिक झालाय’ म्हणालो, तर बाकावर बसलेले एक रिटायर्ड सुभेदार दचकून उभे राहिले. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं गाव, इथं कर्नल म्हटल्यावर तेवढा एकच अर्थ निघतो.)

खालच्या आज्ञा मी फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं. ‘कॅपिटल’ म्हटलंय तिथे सगळीच्या सगळी कॅपिटल.

जुलैमधली गोष्ट. रात्री साडेअकराला नंदगडहून फोन. बाहेर धो धो पाऊस, कौलांवरचा आवाज फोनच्या दोन्ही टोकांना सारखाच.

‘अण्णा, परत तेच आलंय बघा. झिरो कॉमा झिरो.’

‘कितव्यांदा कंपाइल केलंस?’

‘तिसऱ्यांदा. रात्री दोनदा करंट गेलता, म्हणून म्हटलं काहीतरी अर्धवट झालं असेल. सगळं मेक क्लीन करून पहिल्यापासून लावलं.’

दोन कोअरचा लॅपटॉप, चार जीबी रॅम. एका खेपेला साडेपाच तास. म्हणजे तीन खेपांचे सोळा-सतरा तास, तेही ज्या गोष्टीत दोष नव्हता ती दुरुस्त करण्यात. त्याला म्हटलं, लॅपटॉप बंद कर, चालू करताना शिफ्ट दाबून धर. ग्रबचा, म्हणजे कुठलं कर्नेल चालवायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आला. त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुनं कर्नेल निवडायला लावलं. मशीन सुरळीत चालू झालं. मग त्याला ही एकच आज्ञा द्यायला सांगितली:

एलएस -एलएच /बूट

‘मोठ्यानं वाच.’

तो वाचत गेला. नव्या ६.१२ चं व्हीएमलिनूझ (म्हणजे खुद्द कर्नेल) होतं, सिस्टम.मॅप होतं, कॉन्फिग होतं. इनिटआरडी.आयएमजी-६.१२ नव्हतं. जुन्याचं होतं, साठ-सत्तर एमबीचं. मग डीएफ -एच /बूट. शंभर टक्के भरलेलं.

‘अण्णा, मग हे इन्स्टॉल करताना सांगायला नको होय त्यानं?’

सांगितलं होतं. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही ओळ छापली गेली होती, पण तिच्यामागून ग्रबच्या दहा-बारा ओळी आल्या आणि शेवटची ओळ होती ‘डन’. माणूस शेवटची ओळ वाचतो. मीही पहिल्या वेळी तीच वाचली होती.

आता हे (०,०) म्हणजे काय ते सांगतो, कारण या दोन आकड्यांत निम्मं निदान आहे. पहिला आकडा डिव्हाइसचा मुख्य क्रमांक, दुसरा उपक्रमांक. (०,०) म्हणजे रूटची, म्हणजे सिस्टमच्या मुख्य फायलींची, डिस्क कुठली हेच कर्नेलला कळलं नाही. त्या जागी (८,२) असं काही आलं तर प्रकरण वेगळं: ८ हा एसडीए, एसडीबी या जातीच्या डिस्कचा क्रमांक, २ म्हणजे दुसरं पार्टिशन. डिस्क सापडली, पण तिच्यावरची फाइल सिस्टम वाचता आली नाही. बहुतेक वेळा ईएक्सटी४ (फाइल सिस्टमचा एक प्रकार) मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नेलबाहेरची सुटी फाइल म्हणून, ठेवलेलं असतं आणि ते पुरवायला इनिटआरडी नसते. एनव्हीएमई डिस्क असेल तर पहिला आकडा २५९ दिसतो.

पॅनिकच्या थोडं वर आणखी एक ओळ असते: योग्य ‘रूट=’ द्या, उपलब्ध पार्टिशनं ही अशी. त्याखाली यादी येते. यादी रिकामी असेल तर डिस्कचा ड्रायव्हरच चढलेला नाही. यादीत एसडीए१, एसडीए२ दिसत असतील तर ड्रायव्हर आहे, पण रूटचा पत्ता चुकलाय किंवा फाइल सिस्टमचं मॉड्यूल नाही. मोबाइलवर या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. ‘काहीतरी पॅनिक आलं’ एवढ्यावर मी काय सांगणार?

दुसरं एक दृश्य याच्यासारखं वाटतं, पण ते हे नव्हे. मशीन पॅनिक होत नाही, ‘अलर्ट! यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट’ (यूयूआयडी म्हणजे फाइल सिस्टमचा ओळख क्रमांक) म्हणून खाली (इनिटरॅमएफएस) असा प्रॉम्प्ट देऊन थांबतं. म्हणजे इनिटआरडी आहे, चढलीही, पण तिच्या पोटात मॉड्यूल्स नाहीत. हे कधी होतं? मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल करायच्या आधीच मेक इन्स्टॉल केलं तर. इनिटआरडी बनवताना मॉड्यूल्सचं फोल्डरच नव्हतं, मग ती भरणार कशानं? क्रम नेहमी हाच: आधी मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल, मग मेक इन्स्टॉल. उलटं झालं असेल तर फक्त ही एक आज्ञा पुन्हा द्या, कंपाइल नको:

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ६.१२.क्ष

क्षच्या जागी तुमच्या कर्नेलचं पूर्ण नाव, /लिब/मॉड्यूल्स मधल्या फोल्डरला जे आहे अगदी तेच, शेपटासकट.

परत मूळ दुखण्याकडे. जागा संपली खरी, पण का संपली?

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स वितरणांची तयार कॉन्फिग फाइल (कर्नेलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) आपण उचलतो, ती डॉट कॉन्फिग म्हणून ठेवतो आणि मेक ओल्डडेफकॉन्फिग करतो. पद्धत बरोबरच आहे. पण त्या कॉन्फिगमध्ये डीबग माहिती (चुका शोधायला लागणारी जादा माहिती) चालू असते, कारण वितरण बनवणाऱ्यांना ती लागते. ते लोक पॅकेज करताना ती माहिती काढून वेगळ्या डीबीजी पॅकेजात टाकतात. आपण साधं मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल म्हणतो, तेव्हा प्रत्येक मॉड्यूल त्या सगळ्या गाठोड्यासकट /लिब/मॉड्यूल्स मध्ये जातं. ड्रायव्हर किलोबाइटमधला, त्याच्या अंगावर डीबग माहिती मेगाबाइटमधली. शहानिशा करायची असेल तर:

डीयू -एसएच /लिब/मॉड्यूल्स/*

वितरणाच्या कर्नेलचं फोल्डर काहीशे एमबी दाखवतं. तुमचं तीन-चार जीबी, कधी त्याहून जास्त. त्यातली निवडक मॉड्यूल्स घेऊन इनिटआरडी बनते, म्हणजे तीही त्याच प्रमाणात फुगते. ज्यांची डिस्क एलव्हीएम (डिस्क विभागायची एक पद्धत) किंवा एन्क्रिप्शन लावून घातलेली आहे त्यांचं /बूट हे वेगळं, बऱ्याचदा अर्ध्या जीबीच्या आसपासचं पार्टिशन असतं. तेवढ्यात पाचशे एमबीची इनिटआरडी मावणं शक्यच नाही. ती बनवण्याचा प्रयत्न फसतो, अर्धवट फाइल पुसली जाते आणि मग अपडेट-ग्रब येऊन बघतं: कर्नेल आहे, इनिटआरडी नाही. ते काही तक्रार करत नाही, इनिटआरडीशिवायच मेनूत नोंद घालतं. ग्रबच्या मेनूत त्या नोंदीवर ‘ई’ दाबून बघा, इनिटआरडीची ओळ गायब असते. बऱ्याचदा रूट= पुढे यूयूआयडी जाऊन /डेव्ह/एसडीए२ असं काहीतरी आलेलं असतं, कारण फाइल सिस्टमचा यूयूआयडी ओळखणं हे कर्नेलचं काम नव्हे, ते इनिटआरडी करते. ग्रबला तेवढं माहीत असतं.

व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत आभासी मशीन (व्हीएम) चालवणाऱ्यांचं, थोडं निराळं. तिथे /बूट वेगळं नसतं, त्यामुळे इनिटआरडी मावते, पण व्हीएमला रॅम दिलेली असते दोन जीबी. सातशे एमबीची दाबलेली फाइल उघडायला ती पुरत नाही. पॅनिकच्या वर कुठेतरी ‘इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड: राइट एरर’ असं असतं, आणि शेवटी तेच अननोन-ब्लॉक (०,०), नाहीतर ‘सिस्टम इज डेडलॉक्ड ऑन मेमरी’. यावर मित्रमंडळी सल्ला देतात, व्हीएमची रॅम चार जीबी कर, चालतंय. चालतं, खोटं नाही. पण बसमध्ये माणसं वाढली म्हणून मोठी बस मागवण्यातला प्रकार झाला, आणि इथे तर माणसं नाहीत, नुसती गाठोडी बसलीत.

दुरुस्ती

जुन्या कर्नेलवर मशीन चालू करा. शिफ्टने मेनू येत नसेल, म्हणजे मशीन यूईएफआयवर असेल, तर चालू होताना एस्केप एकदाच दाबा. पुन:पुन्हा दाबलं तर ग्रबच्या काळ्या प्रॉम्प्टवर जाऊन पडाल.

यूनेम -आर देऊन आत्ता कुठल्या कर्नेलवर आहात ते कागदावर लिहून घ्या. खरंच कागदावर. त्या नावाची एकही फाइल पुसायची नाही. एका पोराने मध्यरात्री झोपेत चालू असलेल्याच कर्नेलची इनिटआरडी उडवली आणि सकाळी सहाच्या गाडीने लॅपटॉप घेऊन माझ्या दाराशी हजर. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टम चालवून, सीएचरूट करून (तिथून डिस्कवरच्या सिस्टममध्ये शिरून) परत उभं केलं, पण माझा चहा थंड झाला तो झालाच.

आता नव्या कर्नेलची फुगलेली इनिटआरडी असेल तर ती पुसा. मग ज्या फोल्डरात कर्नेल कंपाइल केलं तिथे जाऊन:

सुडो मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल

यातलं इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप कॅपिटल, मधल्या रेघा अंडरस्कोअर, बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा नाही. ही आज्ञा काहीही नव्याने कंपाइल करत नाही. आधीची फुगलेली मॉड्यूल्स पुसून तीच मॉड्यूल्स डीबग माहिती खरवडून परत बसवते. संपल्यावर डीयू पुन्हा देऊन बघा. नंदगडच्या पोराचा आकडा चार जीबीच्या वर होता, तो काहीशे एमबीवर आला तेव्हा फोनवर थोडा वेळ फक्त पाऊस ऐकू येत होता.

कंपाइलचं फोल्डर जागा करण्यासाठी आधीच उडवलं असेल तरी हरकत नाही. /लिब/मॉड्यूल्स मधल्या तुमच्या कर्नेलच्या फोल्डरात फाइंड लावून सगळ्या डॉट केओ फायलींवर स्ट्रिप --स्ट्रिप-डीबग चालवा. नुसतं स्ट्रिप नव्हे. नुसत्या स्ट्रिपने मॉड्यूल लोड व्हायला लागणारी चिन्हंही जातात आणि मॉड्यूल निकामी होतं. या पद्धतीत मॉड्यूलची सही पुसली जाते, त्यामुळे कर्नेल ‘टेंटेड’ (डागाळलेलं) झाल्याचं कुरकुरतं. प्रोजेक्टपुरतं त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

मग इनिटआरडी नव्याने:

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ६.१२.क्ष

आणि शेवटी सुडो अपडेट-ग्रब. इथे मात्र शेवटच्या ‘डन’वर भुलायचं नाही. वरच्या ओळी जोडीने मोजायच्या: ‘फाउंड लिनक्स इमेज’, तिच्या लगेच खाली ‘फाउंड इनिटआरडी इमेज’, दोन्हींत एकच आकडा. जिथे जोडी तुटलेली, तिथे पॅनिक ठरलेलं. मी फोनवर पोरांना या ओळी मोठ्यानं वाचायला लावतो आणि जोडी जमल्याशिवाय रीस्टार्ट करू देत नाही.

एवढं करूनही /बूट मध्ये मावत नसेल, तर /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ या फाइलमध्ये मॉड्यूल्स=मोस्ट असतं ते मॉड्यूल्स=डेप करा. मग फक्त या मशीनला लागणारे ड्रायव्हर घेतले जातात. तोटा एवढाच की ही डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही. म्हणून मी हे शेवटचा उपाय म्हणून सांगतो, पहिला नव्हे.

मग परत परत का येतं?

कारण पुढच्या खेपेला सिस्टम कॉलमध्ये एक ओळ बदलली की पुन्हा तेच मेक, मॉड्यूल्स_इन्स्टॉल, इन्स्टॉल. स्ट्रिप लिहायचं राहतं. शिवाय त्याच नावाने दुसऱ्यांदा मेक इन्स्टॉल केलं की आधीची फाइल ‘.ओल्ड’ शेपटी लावून तिथेच राहते. /बूट हळूहळू भरत जातं आणि एक दिवस वितरणाचं स्वतःचं सुरक्षा अपडेटही अडकतं, एपीटी प्रत्येक वेळी डीपीकेजीची तक्रार करायला लागतं. लोकांना वाटतं उबुंटू बिघडलं.

यावर माझा साधा उपाय: मेक इन्स्टॉल करूच नका, पॅकेज बनवा. डेबियन-उबुंटूवर

मेक -जे२ बाइनडेब-पीकेजी

असं दिलं की बाहेरच्या फोल्डरात लिनक्स-इमेज आणि लिनक्स-हेडर्स अशा डेब फायली तयार होतात. त्या सुडो डीपीकेजी -आय ने बसवायच्या. मॉड्यूल्स आपोआप खरवडलेली असतात, आणि नको झालं की एपीटी रिमूव्हने सगळं एकदम जातं. हेडर्सचं पॅकेजही बसवा, नाहीतर व्हर्च्युअलबॉक्स किंवा एनव्हीडियाचे डीकेएमएसवाले (प्रत्येक कर्नेलसाठी नव्याने बनणारे) ड्रायव्हर नव्या कर्नेलला बनणार नाहीत. नावात ‘डीबीजी’ असलेली डेब फाइल मात्र बसवू नका. तिच्यातच ती सगळी गाठोडी भरलेली असतात.

आणि मुळावरच घाव घालायचा तर मेक मेनूकॉन्फिगमध्ये ‘कर्नेल हॅकिंग’, त्यात ‘कंपाइल-टाइम चेक्स’, त्यात ‘डीबग इन्फर्मेशन’ इथे ‘डिसेबल’ निवडा. कंपाइलचं फोल्डर डीबगसह वीस जीबी सहज खातं, त्याशिवाय काही जीबीत भागतं. शेवटच्या टप्प्यात पाहोल नावाचा प्रोग्रॅम बीटीएफ (डीबग माहितीचाच एक प्रकार) बनवायला रॅम ओढतो, तेही वाचतं. चार जीबीच्या मशीनवर ‘किल्ड’ म्हणून कंपाइल मरत असेल तर कारण बहुधा हेच, किंवा -जे८ (एकदम आठ कामं) लावण्याची हौस. कोअर दोन असतील तर -जे२.

करंट गेला तर

आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा वेगळा विषय आहे. झाडाची एक फांदी पडली तरी कणकुंबीच्या बाजूला रात्र अंधारात जाते. कंपाइल चालू असताना वीज गेली म्हणून सगळं पहिल्यापासून करायची गरज नसते. मेक जिथे थांबलं तिथून पुढे जातं. अडचण एकाच ठिकाणी येते: वीज जाताना जी फाइल लिहिली जात होती ती डिस्कवर शून्य बाइटची राहते. मेकच्या लेखी ती बनलेली असते, आणि शेवटी जोडणी करताना ‘फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड’ नाहीतर ‘फाइल ट्रंकेटेड’ येतं. सोर्सच्या फोल्डरात:

फाइंड . -नेम '*.ओ' -साइज ० -डिलीट

आणि पुन्हा मेक. तेवढ्याच फायली परत बनतात. मॉड्यूल्स_इन्स्टॉलच्या मध्येच वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची, बस.

डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांनी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल तपासावा. सेल मेलेला असेल तर वीज आल्यावर घड्याळ मागे जातं आणि मेक ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ म्हणतं. मेकचा सगळा कारभार फायलींच्या वेळेवर चालतो. आधी तारीख-वेळ नीट करा, मग मेक. नाहीतर बदललेली फाइल त्याला जुनी वाटेल आणि तुम्ही दिवसभर बदल दिसत नाही म्हणून डोकं धरून बसाल.

कंपाइल दर वेळी वेगळ्याच फाइलवर ‘इंटर्नल कंपायलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट’ देऊन पडत असेल तर तो दोष कर्नेलचा नाही, रॅमचा किंवा उष्णतेचा. मेमटेस्ट८६+ रात्रभर लावा, पंख्यातला कचरा काढा. दर वेळी एकाच फाइलवर पडत असेल तर मात्र खरी चूक तिथे आहे. ती शोधताना -जे न लावता नुसतं मेक द्या. अनेक कामं एकदम चालली की खरी चूक वर कुठेतरी वाहून जाते आणि खाली ‘एरर २’ची उतरंड तेवढी उरते. पोरं मला त्या उतरंडीचेच फोटो पाठवतात.

लोकलमॉडकॉन्फिग आणि हरवलेलं इंटरनेट

कंपाइलचा वेळ कमी करायला मेक लोकलमॉडकॉन्फिग हा उत्तम मार्ग आहे, २.६.३२ पासून कर्नेलमध्येच आहे. आत्ता लोड असलेली मॉड्यूल्स तेवढी ठेवून बाकी सगळी गाळतं. साडेपाच तासांचं काम तासा-दीड तासावर येतं. मॉड्यूल्सच थोडी, म्हणून इनिटआरडीही आपोआप लहान.

पण ‘आत्ता लोड असलेली’ हे शब्द लोक वाचत नाहीत. जांबोटीकडच्या एका मुलीने केलं, कर्नेल पहिल्या फटक्यात बूट झालं, आणि इंटरनेट बंद. घरी वायफाय नाही, ती मोबाइल यूएसबीने जोडून नेट घेते. कॉन्फिग करताना मोबाइल जोडलेला नव्हता, त्यामुळे आरएनडीआयएस_होस्ट हे मॉड्यूलच गळलं. पेन ड्राइव्ह लावून बघितला, तोही नाही. यूएसबी-स्टोरेजची तीच गत. म्हणून आधी घरात असेल ते सगळं एकदा जोडा: मोबाइलचं टेदरिंग चालू करा, पेन ड्राइव्ह माउंट करा, प्रिंटरवर एक पान काढा, प्रोजेक्टरची वायर असेल तर ती लावा. एकदा जोडलं की मॉड्यूल लोड होऊन राहतं. मग एलएसमॉडचं (लोड असलेल्या मॉड्यूल्सची यादी देणाऱ्या आज्ञेचं) आउटपुट एका फाइलमध्ये घ्या आणि

मेक एलएसमॉड=/टीएमपी/यादी लोकलमॉडकॉन्फिग

असं द्या. इथेही एलएसमॉड कॅपिटल. यादी जपून ठेवा, पुढच्या खेपेला हीच वापरता येते.

बाकी दोन-तीन अडथळे, थोडक्यात

कंपाइल सुरू होताच ‘नो रूल टू मेक टार्गेट’ आणि पुढे कुठल्यातरी डॉट पीईएम फाइलचं नाव: वितरणाच्या कॉन्फिगमध्ये त्यांच्या प्रमाणपत्राचा पत्ता आहे, ती फाइल तुमच्याकडे नाही. कॉन्फिगमधलं सिस्टम_ट्रस्टेड_कीज रिकामं करा, उबुंटूवर सिस्टम_रिव्होकेशन_कीजही. अवतरणचिन्हं ठेवा, आतला मजकूर काढा.

ग्रबमध्येच ‘बॅड शिम सिग्नेचर’: सिक्युअर बूट चालू आहे आणि तुमच्या कर्नेलवर सही नाही. प्रोजेक्टपुरतं बायोसमधून बंद करा.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आणि पुढे तुमच्या सिस्टम कॉलचं नाव: जुनी टिपणं वापरताय. ४.१७ पासून एक्स८६-६४ वर अ‍ॅस्मलिंकेज लाँग एसवायएस_अमुक असं थेट लिहून चालत नाही, सिस्कॉल_डिफाइन० हा मॅक्रो घ्यावा लागतो. सीनियरकडून सीनियरकडे झेरॉक्स होत आलेल्या फायलींत अजून ३.क्ष च्या काळातला कोड फिरतोय. आणि वेगळं फोल्डर, वेगळी मेकफाइल कशाला? कर्नेल फोल्डरातल्या सिस.सी फाइलच्या शेवटी चार ओळी लिहा, एक्स८६ च्या सिस्कॉल_६४.टीबीएल मध्ये एक नोंद घाला. ६.१२ मध्ये ४६२ पर्यंत क्रमांक गेलेत, तुमचा ४६३.

दूरच्या मशीनवर किंवा व्हायवाच्या आदल्या दिवशी प्रयोग करायचे असतील तर कर्नेलच्या ओळीत पॅनिक=२० घाला, ग्रबच्या डीफॉल्टमध्ये ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड ठेवा, आणि नवीन कर्नेल ग्रब-रीबूटने फक्त एका खेपेसाठी निवडा. पॅनिक झालाच तर वीस सेकंदांनी मशीन आपलं आपण रीस्टार्ट होऊन जुन्या कर्नेलवर येतं. जुनं कर्नेल मात्र हवं.

प्रोजेक्ट संपल्यावर मेक इन्स्टॉलने बसवलेलं कर्नेल एपीटीला माहीतच नसतं, त्यामुळे ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही. वितरणाच्या कर्नेलवर बूट करून पाच गोष्टी हाताने पुसायच्या: /बूट मधली व्हीएमलिनूझ, इनिटआरडी.आयएमजी, सिस्टम.मॅप आणि कॉन्फिग या चार फायली, त्यांची ‘.ओल्ड’ भावंडं असतील तर तीही, आणि /लिब/मॉड्यूल्स मधलं त्या नावाचं फोल्डर. मग अपडेट-ग्रब. पुसण्याआधी यूनेम -आर, आणि तो कागद.